पॉम्पेईची पहिली सहल : आधी उंबरठा बघा

इटलीत एका सेमिस्टरसाठी आलेल्या बऱ्याच मुलामुलींच्या वेळापत्रकात एक दिवस पॉम्पेईचा, म्हणजे नेपल्सजवळच्या ज्वालामुखीने गाडलेल्या रोमन शहराचा असतो. आदल्या आठवड्यात प्राध्यापकांचा दोन ओळींचा ईमेल येतो : सकाळी सव्वासातला स्टेशनवर जमा, टोपी आणि पाणी आणा. बाकीचं ज्याचं त्याने बघायचं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बघण्यासारख्या जागांची बत्तीस नावं वहीत लिहून नेली होती. त्यातल्या एकोणीस पायाखाली घातल्या, साडेचारशे फोटो काढले. रात्री रूमवर आल्यावर मैत्रिणीने विचारलं, "काय काय पाहिलंस?" तर मला धड एक घर आठवेना. सगळ्या भिंती एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. नंतर तीन-चारदा जाणं झालं, त्यात दोनदा नवख्यांच्या गटाबरोबर मदतनीस म्हणून. तेव्हा कुठे बघायची एक रीत हाताला लागली. ती रीत, आणि तिच्या आधीची तिकिटापासूनची कामं, क्रमाने लिहिते आहे.

पंधरा दिवस आधी : तिकीट आणि नाव

तिकिटं युनिव्हर्सिटी काढणार की तुम्ही, हे पहिल्यांदा विचारून घ्या. युनिव्हर्सिटी काढणार असेल तर तुमच्याकडे एकच काम उरतं, ते म्हणजे नाव बरोबर कळवणं. नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत दिवसाला जास्तीत जास्त २०,००० माणसं सोडतात आणि तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं. फाटकावर ते ओळखपत्राशी ताडून बघू शकतात. आपली नावं इथे हमखास गोंधळ घालतात. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, स्वतःचं आणि वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात. मग कोणी वडिलांचं नाव आडनावाच्या जागी टाकतं, कोणी घाईत घरचं लाडकं नाव लिहून मोकळं होतं. आमच्या गटात एक 'पिंकी' होती. तिच्या पासपोर्टवर अर्थातच पिंकी कुठेच नव्हती. रांगेत वीस मिनिटं गेली, शेवटी सोडलं, पण त्या वीस मिनिटांत तिचा चेहरा बघवत नव्हता. पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने नाव लिहा. रेसिडेन्स परमिट अजून हातात आलं नसेल तर त्याची पोस्टाची पावती आणि पासपोर्ट जवळ ठेवा.

सवलतींबद्दल मुलांमध्ये बऱ्याच दंतकथा फिरतात. खरं एवढं : १८ वर्षांखालच्या कुणालाही, कुठल्याही देशाचा असो, प्रवेश मोफत आहे. १८ ते २५ वयाला जे दोन युरोचं तिकीट असतं ते युरोपियन युनियनच्या नागरिकांना. तुम्ही मिलानमध्ये राहता म्हणून ते तुम्हाला लागू होत नाही. मात्र इटलीतल्या किंवा युनियनमधल्या दुसऱ्या देशातल्या युनिव्हर्सिटीत पुरातत्त्व, कलेतिहास, आर्किटेक्चर किंवा वारसा-संवर्धन शिकत असाल, तर सरकारी स्थळांवर मोफत प्रवेशाची तरतूद आहे. त्यासाठी नुसतं कॉलेजचं कार्ड पुरत नाही. कोणत्या अभ्यासक्रमाला नाव घातलंय ते दाखवणारं त्या वर्षाचं प्रमाणपत्र लागतं. ते छापून न्या.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम आणि स्थळं सगळ्यांना फुकट असतात. त्या दिवशी पॉम्पेईला जाऊ नका. फुकटच्या मोहात अख्खं नेपल्स आणि अर्धं रोम तिथे लोटलेलं असतं.

तिकिटाचे दर आणि वेळा पुरातत्त्व उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा. साधं तिकीट मुख्य शहराचं असतं; तटाबाहेरचे व्हिला पाहायचे तर वाढीव तिकीट घ्यावं लागतं. लाल भित्तिचित्रांचा प्रसिद्ध 'व्हिला देई मिस्तेरी' त्यातच येतो.

एक संध्याकाळ वाचनाला

एकच संध्याकाळ, जास्त नको. पण ती द्याच, नाहीतर तिथे गाइड जे सांगेल ते सगळं सारख्याच वजनाचं वाटतं.

इ. स. ७९ मध्ये शेजारचा ज्वालामुखी, व्हेसुव्हियस, फुटला. आधी कित्येक तास आकाशातून हलका, भोकाभोकांचा ज्वालामुखीय दगड पावसासारखा पडत राहिला, छपरं त्याच्या भाराने कोसळली. मग डोंगरावरून तापलेला वायू आणि राख यांचे लोट खाली आले आणि उरलेलं सगळं संपलं. त्याच्या सतरा वर्षं आधी, इ. स. ६२ च्या सुमाराला, मोठा भूकंप झाला होता आणि त्याची डागडुजी अजून चालूच होती. म्हणून पॉम्पेईत अर्धवट दुरुस्त केलेल्या भिंती दिसतात. 'गोठलेलं शहर' वगैरे ऐकाल त्यावर जाऊ नका; ते मुळातच बांधकाम चालू असलेलं शहर होतं.

स्फोट २४ ऑगस्टला झाला असं पूर्वापार सांगतात. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली एक ओळ सापडली, तिच्यात १७ ऑक्टोबरला जुळणारी तारीख आहे. कोळशाचं लिखाण फार दिवस टिकत नाही, तेव्हा ते त्याच वर्षीचं असावं आणि स्फोट त्यानंतरचा, असा तर्क आहे. ओळीत साल मात्र नाही. परीक्षेत एकच तारीख ठोकून लिहू नका, इटालियन प्राध्यापक हे नेमकं पकडतात.

आणि प्लिनी. धाकट्या प्लिनीने, एका रोमन लेखकाने, इतिहासकार टॅसिटसला लिहिलेली दोन पत्रं वाचा, दहा मिनिटांत होतात. त्याचा मामा, थोरला प्लिनी, आखाताच्या पलीकडच्या मिसेनमच्या रोमन आरमाराचा प्रमुख होता. तो जहाजं घेऊन या बाजूला आला आणि स्टाबियाच्या किनाऱ्यावर मेला. याच थोरल्या प्लिनीने आधी लिहून ठेवलं होतं की भारत दरवर्षी आपल्या साम्राज्याचे निदान पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, आणि त्याच्या बदल्यात जो माल पाठवतो तो इथे शंभरपट भावाने विकला जातो. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

शेवटची गोष्ट : पत्ते. १८६० च्या दशकात उत्खननाचे प्रमुख असलेल्या जुझेप्पे फिओरेल्ली यांनी शहराचे नऊ विभाग पाडले, विभागात घरांचे चौक, चौकात दरवाज्यांचे क्रमांक. 'सहा, बारा, दोन' म्हणजे सहावा विभाग, बारावा चौक, दुसरा दरवाजा : कासा देल फाउनो नावाचं मोठं घर. पेठ, गल्ली, घर नंबर असं समजा. नकाशावर आणि कोपऱ्यांवरच्या पाट्यांवर हेच आकडे असतात. रस्त्यांची नावं मात्र आधुनिक आहेत. मोठ्या 'व्हिया देल्लाब्बोंदान्झा'चं नाव एका कारंज्यावरच्या मूर्तीवरून पडलंय. तिच्या हातातलं फळाफुलांचं शिंग बघून तिला समृद्धीची देवी समजले. ती बहुधा कॉन्कॉर्डिया, म्हणजे एकोप्याची देवी आहे.

पायात काय, पाठीवर काय

जाड तळाचे, वापरून सैल झालेले बूट. सँडल, पांढरे नवे स्नीकर्स, गुळगुळीत तळ, यातलं काही चालत नाही. रस्ते ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे, घासून गुळगुळीत झालेले आणि वेडेवाकडे. पावसानंतर तर पाय हमखास सटकतो. मे ते सप्टेंबर सावली जवळजवळ नाहीच, तेव्हा टोपी आणि सनस्क्रीन. छत्री उघडून उन्हात चाललात तर लोक बघतील, बघू द्या.

बॅग लहान हवी. ३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी आत नेऊ देत नाहीत, फाटकाजवळ ठेवावी लागते. आणि ज्या फाटकावर ठेवली तिथेच परत यावं लागतं, हे लोक विसरतात. पाण्याची एक बाटली पुरे : आत जागोजागी नळ आहेत, पाणी पिण्याचं आहे. वही, पेन्सिल, आणि एक छोटी टेप किंवा निदान फूटपट्टी. टेप कशाला ते पुढे येईल.

गाडी : कुठल्या पॉम्पेईला उतरायचं

रोमहून नेपल्स वेगाच्या गाडीने साधारण सव्वा तास. नेपल्स सेंट्रलला उतरलात की खालच्या मजल्यावर 'गारिबाल्दी' स्टेशनातून चिर्कुमवेझुव्हियाना नावाची लोकल मिळते. सोरेंतोकडे जाणारी पकडायची आणि 'पॉम्पेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी' या स्टेशनावर उतरायचं, पस्तीस-चाळीस मिनिटं. स्टेशनासमोरच पोर्ता मरीना फाटक.

पॉम्पेई नावाची आणखी स्टेशनं आहेत. एक सरकारी रेल्वेचं, एक याच लोकलच्या दुसऱ्या मार्गावरचं. दोन्ही आजच्या गावात, चर्चच्या बाजूला. मी एकदा नुसतं 'पॉम्पेई' वाचून चढले आणि भलत्याच स्टेशनावर उतरून उन्हात वीस मिनिटं तंगडतोड केली. गट तोवर आत गेला होता. डब्यावर 'सोरेंतो' लिहिलंय ना, तेवढं वाचा.

लोकल मुंबईच्याच वळणाची आहे : गर्दी, रंगवलेले डबे, उशीर. बसायला जागा हवी असेल तर एक स्टेशन मागे पोर्ता नोलानाला जाऊन चढा, गाडी तिथूनच सुटते. बॅग पोटाशी धरा. संपाचे दिवस आधी जाहीर होतात. आदल्या रात्री 'शोपेरो' हा शब्द टाकून एकदा शोधून बघा.

पहिला तास : एकच गल्ली

आता मुख्य भाग. आत शिरल्याबरोबर गट फोरमकडे, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाकडे धावतो. धावू द्या, तिथे सगळेच थांबतात. तुम्हाला मोकळा वेळ मिळाला की पहिल्या तासात एकच गल्ली घ्या, पन्नास पावलांची, आणि खाली मान घालून चाला.

एखाद्या दुकानाचा उंबरठा बघा. दगडात लांब, सरळ खाच आहे, एका टोकाला ती संपते आणि तिथे चौकोनी किंवा गोल भोक आहे. यात काय होतं? जुन्या बाजारपेठेत ज्यांनी फळ्यांची दुकानं बघितलीत त्यांना क्षणात कळेल. दुकानदार सकाळी एकेक फळी खाचेतून सरकवून काढायचा, रात्री एकेक लावायचा, आणि शेवटची फळी म्हणजे बिजागरीवर, नव्हे, त्या भोकातल्या खुंटीवर फिरणारा दरवाजा. लाकूड गेलं, दुकानदार गेला, खाच राहिली. आमच्या गटातल्या एका जर्मन मुलीला हे पटेना, तेव्हा मी तिला फोनवर आजोळच्या किराणा दुकानाचा फोटो दाखवला. ती बराच वेळ फोटो आणि दगड आळीपाळीने बघत होती.

मग शेजारच्या दाराचा उंबरठा बघा. खाच नाही, मधोमध कडीची भोकं आहेत, दोन बाजूंना खुंट्यांची. हे घराचं दार, दोन झडपांचं. टेप लावा : दुकानाचं तोंड किती रुंद, घराचं किती? एवढ्या एका मापावरून रिकाम्या गल्लीत दुकानं कुठली आणि घरं कुठली हे ओळखता येतं. दुकानातून आत घरात जायला दार नसेल तर मालक दर्शनी खोली भाड्याने देत असावा, पुण्याच्या वाड्यांसारखी.

पदपथाच्या कडेच्या दगडांत आरपार आडवी भोकं दिसतील. ती बहुधा जनावरं बांधायची. रस्त्यात मधोमध उभे मोठे दगड : त्यांच्यावरून पाय न भिजवता रस्ता ओलांडायचा, कारण रस्त्यावरून कारंज्यांचं जादा पाणी आणि घाण वाहायची. त्या दगडांच्या मधून गाड्यांची चाकं जायची, त्यांच्या चाकोऱ्या दगडात खोल रुतल्यात. संशोधकांनी पदपथाच्या कडा आणि हे मधले दगड कुठल्या बाजूने झिजलेत ते मोजून कोणत्या गल्लीत गाड्या कुठल्या दिशेने जात ते ठरवलं. तुम्हीही एक दगड निवडा आणि बघा, झीज कुठल्या अंगाला जास्त आहे.

कोपऱ्यावरच्या कारंज्याच्या कठड्यावर हात ठेवा. ठेवाच. एका जागी दगड वाटीसारखा गुळगुळीत खचलेला असतो, डाव्या बाजूला किंवा उजव्या. पाणी पिताना वाकून हात टेकायची ती जागा. आपलाही हात आपसूक तिथेच जातो. (ही एक परवानगी मी स्वतःच्या जबाबदारीवर देते आहे, भिंतींच्या रंगाला बोटही लावू नका.)

या तासानंतर तुमच्या वहीत चार-पाच मापं आणि दोन वेडीवाकडी चित्रं असतील. माझ्या बत्तीस नावांपेक्षा ती जास्त टिकतात.

उरलेला दिवस

घराच्या आत गेलात की 'आट्रियम' हा शब्द ऐकू येईल. वाड्याचा चौक डोळ्यांसमोर आणा : वर आभाळ उघडं, चारी बाजूंनी आत उतरतं छप्पर, मधोमध पाणी साठायची उथळ टाकी. फरक इतकाच की आपल्याकडे चौक घरच्यांचा, इथे तो मालकाकडे कामं घेऊन सकाळी येणाऱ्या लोकांसाठी. कोपऱ्यात किंवा स्वयंपाकघरात कोनाडा असेल, खाली दोन साप रंगवलेले असतील. ते देवघर. 'लारारियम' म्हणतात.

कासा देल फाउनोच्या दारात पदपथावर दगडांच्या तुकड्यांनी 'हावे' लिहिलंय. या, राम राम. घर ३,००० चौरस मीटरच्या आसपास, आणि आत जमिनीवर अलेक्झांडर आणि दारियस यांच्या लढाईचं मोझेक. ते १८३१ मध्ये सापडलं. तिथे आहे ती नक्कल, अस्सल नेपल्सच्या म्युझियममध्ये. जवळच वेत्ती यांचं घर, वीसेक वर्षांच्या कामानंतर २०२३ च्या जानेवारीत पुन्हा उघडलं. मालक दोघे, मुक्त केलेले गुलाम, व्यापारात पैसा केलेले. दारातच प्रियापसचं, म्हणजे भल्यामोठ्या लिंगाच्या देवाचं, जे चित्र आहे ते बघून वर्ग खिदळणार हे प्राध्यापकांना माहीत असतं. लुपानारला, म्हणजे वेश्यागृहालाही तसंच होतं. तिथे लांब रांग आणि खोल्या अंधाऱ्या. वेळ कमी असेल तर मी ती सोडते.

बेकऱ्या सोडू नका. ज्वालामुखीच्या दगडाची डमरूसारखी जाती उभी आहेत, माणसाच्या छातीइतकी. खालचा दगड सुळक्यासारखा, वरचा त्यावर टोपीसारखा, त्याच्या कमरेला चौकोनी भोकं. भोकांत लाकूड घालून गाढव गोल फिरवायचं. शेजारी विटांची घुमटाकार भट्टी. एका बेकरीच्या भट्टीत ८१ पाव सापडले, कोळसा झालेले, पण आठ भागांच्या खुणा अजून स्पष्ट.

भिंतींवर लाल रंगातली लिखाणं दिसली तर थांबा. ती निवडणुकीची. 'ओ व्ही एफ' अशी तीन अक्षरं आली की समजायचं : अमुक यांना निवडून द्यावं ही विनंती. कुणी शेजारी, कुणी फळविक्रेत्यांची मंडळी, कुणी सोनार पाठिंबा देतात. ताई माई अक्का तेव्हाही होत्या. बायकांना मत नव्हतं, तरी बायकांच्या नावाने केलेली आवाहनंही आहेत.

चालण्याचा क्रम म्हणाल तर : पोर्ता मरीना, फोरम, कासा देल फाउनो, वेत्ती, मग खाली स्टाबियन स्नानगृहं, तिथून व्हिया देल्लाब्बोंदान्झाने पूर्वेकडे, वाटेत वेतुतियस प्लासिडसचं खाण्याचं दुकान (ओट्यात पुरलेले मोठे रांजण बघा), आणि शेवटी अ‍ॅम्फिथिएटर, म्हणजे झुंजींच्या खेळांचं लंबगोल प्रेक्षागृह. हे इ. स. पू. ७० च्या सुमाराचं, आज माहीत असलेल्या दगडी अ‍ॅम्फिथिएटरांत सगळ्यात जुन्यांपैकी. इ. स. ५९ मध्ये इथे पॉम्पेई आणि शेजारच्या नुकेरियाच्या प्रेक्षकांत इतकी मारामारी झाली की खेळांवर दहा वर्षांची बंदी आली. इथून बाहेर पडलात तर तुम्ही आजच्या गावात असता, स्काव्ही स्टेशन बरंच मागे राहतं. कुठल्या फाटकावर जमायचं ते सकाळीच ठरवा. एखादं घर दुरुस्तीसाठी बंद असणार, हे गृहीत धरा. २०१० मध्ये ग्लॅडिएटरांची म्हणून ओळखली जाणारी इमारत कोसळल्यापासून दुरुस्त्या मोठ्या प्रमाणावर चालू आहेत आणि ते चांगलंच आहे.

साचे

'पळणाऱ्यांची बाग' म्हणून एक जागा आहे, तिथे तेरा माणसांचे साचे काचेआड आहेत. राख घट्ट झाली, आतलं शरीर नाहीसं झालं, पोकळी उरली. १८६३ मध्ये फिओरेल्लींनी त्या पोकळीत प्लास्टर ओतायची पद्धत आणली. म्हणजे बघतो ते प्लास्टर, पण बहुतेक साच्यांच्या आत हाडं आहेत. ती माणसंच आहेत. पाठ करून सेल्फी काढणारे असतात, तुम्ही त्यांत नसावं.

आणि गाइडच्या गोष्टींपासून इथे जरा सावध. मांडीवर मूल आणि हातात सोन्याचं कडं असलेली व्यक्ती पिढ्यान्‌पिढ्या 'आई' म्हणून दाखवली गेली. २०२४ मध्ये डीएनए तपासला तर तो पुरुष निघाला, आणि मुलाशी रक्ताचं नातंही नाही. पोकळीचा आकार खरा होता, गोष्ट आपण भरली होती.

तुमची दहा मिनिटं

बऱ्याच कोर्सेसमध्ये प्रत्येकाला एकेका जागेवर उभं राहून दहा मिनिटं बोलायचं असतं. जागा वाटून घेताना फोरम आणि अ‍ॅम्फिथिएटर घेऊ नका. तिथे चार गटांचे आवाज एकमेकांवर आदळतात. बेकरी किंवा स्नानगृह घ्या. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही असं त्यांना उभं करा, मग तुम्ही उन्हात राहिलात तरी चालेल. कागद वाचू नका, वाऱ्याने उडतात. आणि पहिलं वाक्य समोरच्या वस्तूवर बोट ठेवून म्हणा. "हे भोक बघा" म्हटलं की झोपाळलेला वर्गही वाकून बघतो. "रोमन साम्राज्याच्या अर्थव्यवस्थेत" म्हटलं की फोन बाहेर येतात.

पोटाचं

आत फोरमजवळ एक कॅफेटेरिया आहे, गर्दीचा. भग्नावशेषांत पसरून डबा खाणं बरं नव्हे, सुरक्षारक्षक उठवतात. सकाळी भरपेट खा, खिशात दाणे-खजूर ठेवा, दुपारी उशिरा बाहेर पडून जेवा. शाकाहारींनी ऐका : पिझ्झा मरिनारावर चीजही नसतं, तो सुरक्षित. पण नेपल्सचे मिरी घातलेले तराल्ली निरुपद्रवी चकलीसारखे दिसतात आणि पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. पापुद्र्यांची स्फोल्यातेल्लाही तशीच. "सेन्झा स्त्रुत्तो?" असं विचारा, म्हणजे चरबीशिवाय आहे का. मी दोन आठवडे तराल्ली खाऊन झाल्यावर विचारलं होतं.

उचलू नका, लिहू नका

खडाही उचलू नका. गुन्हा आहे, आणि शिवाय तिथून दगड नेलेली माणसं अपशकुन झाला म्हणून माफीची पत्रं लिहून ते पोस्टाने परत पाठवतात, असा एक वेगळाच पसारा उद्यानाकडे जमा झालाय. भिंतीवर नाव कोरण्याबद्दल सांगायची गरज नसावी, पण आपले गडकिल्ले बघता सांगते. पॉम्पेईच्या भिंतींवर रोमनांनीच एक दोन ओळींचा श्लोक खरडलाय : भिंती, मला नवल वाटतं, इतक्यांचं कंटाळवाणं लिखाण अंगावर वागवून तू अजून कोसळली कशी नाहीस. एकदा लिहून झालंय, पुरे.

दुसऱ्या दिवशी : नेपल्सचं म्युझियम

काही प्राध्यापक म्युझियम आधी दाखवतात. माझं मत उलटं आहे. आधी रिकामी खोली बघितली असेल तरच तिथली वस्तू म्युझियममध्ये बघताना काही होतं. जमलं तर रात्र नेपल्समध्ये काढा आणि सकाळी राष्ट्रीय पुरातत्त्व म्युझियममध्ये जा. मंगळवारी बंद असतं, तेव्हा सहल सोमवारी असेल तर पंचाईत. मोझेकं, भित्तिचित्रं, भांडीकुंडी, सगळं इथे आहे.

मग 'गाबिनेत्तो सेग्रेतो', म्हणजे 'गुप्त दालना'ची वाट विचारा. तिथे सहसा एक हस्तिदंती बाई असते, वीतभराहून थोडी मोठी, अंगावर दागिन्यांखेरीज काही नाही, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. १९३८ मध्ये अमेदेओ माइउरींच्या उत्खननात ती व्हिया देल्लाब्बोंदान्झाजवळच्या एका घरात सापडली. 'पॉम्पेई लक्ष्मी' म्हणतात, जरी ती लक्ष्मी असेल की यक्षी यावर एकमत नाही. तळाशी खरोष्ठी या प्राचीन भारतीय लिपीतलं अक्षर आहे. आणि तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्यात. काही अभ्यासकांच्या मते ही बाई त्याच भागातून निघाली असावी. तेर म्हणजे त्या काळच्या ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदींतलं 'तगर', तिथून गाड्या भडोचच्या बंदराकडे जात. प्लिनी ज्या पाच कोटींबद्दल कुरकुरत होता त्यातले काही सेस्टर्स असे गेले. उलट बाजूचा मालही आपल्याकडे आहे : कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला १९४० च्या दशकात ब्राँझचा छोटा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, सापडला, तो तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. तेरच्या वस्तू तेरच्याच लामतुरे संग्रहालयात. सुट्टीला घरी गेलात की दोन्ही बघून या.

काचेसमोर उभं राहिलात की पायांपासून सुरुवात करू नका. पंजावर उंच व्हा, मित्राला फोन वर धरायला सांगा, आणि तिच्या डोक्यावर बघा. वरून खाली आरपार एक भोक पाडलंय. आरशाची मूठ होती, का एखाद्या छोट्या टेबलाचा पाय, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. वहीत आदल्या दिवशीची उंबरठ्याची मापं आहेत, त्यांच्याखाली या भोकाचं चित्र काढा आणि यात काय बसत असेल याचा तुमचा तर्क लिहा.